बावीस नावांचा खलाशी

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय प्रबोधराव, प्रमुख पाहुण्या मेधाताई, मंडळाचे चिटणीस विक्रांत, ज्याला निरोप द्यायला आपण जमलो तो आपला निशिकांत, त्याची पत्नी जाई, आणि शहराच्या पार टोकांहून, पुंगोल-यिशुनहून, गाड्या बदलत सेरंगूनच्या या हॉलपर्यंत आलेल्या माझ्या सर्व बंधुभगिनींनो,

आधी तब्येती विचारतो, मग बोलतो. प्रबोधराव, गुडघा काय म्हणतो? मघाशी पायऱ्या चढताना तुमचं तोंड वाकडं झालेलं मी पाहिलं. मेधाताई, खोकला गेला का? विक्रांत, आईच्या डोळ्यावरची पट्टी सुटली ना? जाई, तू नीट बसून जेवतेस ना? सामान बांधायच्या दिवसांत बायका ओट्यापाशी उभ्यानेच खातात. मागच्या रांगेतल्या चिल्ल्यापिल्ल्यांना विचारत नाही. ती ठणठणीत आहेत, इथपर्यंत ऐकू येतंय.

मला पाच मिनिटं दिली आहेत. विक्रांतने समोर घड्याळही ठेवलंय. ते मी पालथं केलंय, त्याने रागावू नये.

मी शिकलेला माणूस नव्हे. देवगडला सातवीत शाळा सोडली आणि पस्तीस वर्षं जहाजांवर भंडारी होतो, म्हणजे आचारी. चार अक्षरं वाचली ती कोठीतल्या गोणीवर बसून. केनियात मोंबासाच्या धक्क्यावर भाजी घेता घेता थोडी स्वाहिली शिकलो. आता पुंगोलला मुलाकडे असतो, आणि निशिकांत बोलावील तेव्हा आजारी खलाशांपाशी जाऊन बसतो. निशिकांतचं काम तुम्हाला ठाऊक आहे. जहाजावरचा माणूस इथे आजारी पडला की त्याला दवाखान्यात घालायचं, बरा झाला की घरी पाठवायचं. आता कंपनी त्याला मोंबासाला पाठवते आहे. त्याच्या बढतीबद्दल आधीचे वक्ते छान बोलले. मी चार महिन्यांपूर्वीच्या एका आठवड्याबद्दल बोलतो. चालेल ना?

एका मालवाहू जहाजावर एक खलाशी शिडीवरून पडला. डोक्याला मार. शुद्धीवर आला, पण कुणी काही विचारलं तर उत्तर नाही. त्याच्या पुस्तकात, म्हणजे खलाशाच्या ओळखपत्रात, लिहिलं होतं, अदान, जन्मगाव मोगादिशू, सोमालिया. पुस्तक कुण्या दलालाने बनवलेलं. त्या दलालाला त्या बाजूचं एवढं एकच गाव माहीत असावं. कंपनीचा हुकूम आला, शनिवारी मोगादिशूच्या विमानात बसवा. निशिकांतने फक्त सही करायची होती.

सोमवारी दुपारी त्याने मला नेलं. मी स्वाहिलीत बोललो. तो छताकडे बघत राहिला, आणि मग एका लयीत नावं म्हणू लागला. अदान. इसाक. गुयो. अब्दिले. मुमिन. पुढे कितीतरी. मी बोटांवर मोजली, बावीस. मला वाटलं, हे आपल्या श्राद्धासारखं दिसतंय. आपण कसं, बाप, आजोबा, पणजोबा म्हणतो आणि थांबतो. म्हणून मी वहीत पहिली तीन नावं लिहिली आणि पेन खिशात ठेवलं. पुढची वाढीव आहेत असं मानलं. एवढी माझी अक्कल!

निशिकांत म्हणाला, "आप्पा, मला माझ्या घराण्यातलं चौथं नाव येत नाही हो." मी म्हटलं, "मला तरी कुठे येतं?"

मंगळवारी त्याने दोन विद्यार्थी आणले, दोघेही इथे शिकायला आलेले. होदन ही मोगादिशूची सोमाली मुलगी. तोलेरा हा इथिओपियाच्या पश्चिमेकडचा ओरोमो मुलगा. अदान पुटपुटत होता. होदनने कान लावला आणि मान हलवली. "अंकल, ही भाषा आमची नाही. तोलेरा, तुमचाच आहे."

तोलेरा म्हणाला, "शब्द ओरोमोच आहेत, पण दक्षिणेकडच्या बोरान लोकांसारखे. आमच्याकडे असं बोलत नाहीत, मला निम्मं कळतं. आणि नावं ऐक ना त्याची. अब्दिले, मुमिन. ही तुमची."

"आणि गुयो?"

"गुयो आमचं."

"मग घेऊन जा तुमच्या गुयोला!"

"हिला ना, आप्पा, मोगादिशूबाहेर कुणाला बोलताच येत नाही असं वाटतं."

मला हसू आलं. आमची मालवणी ऐकून पुण्याची माणसं अशीच तर करतात. पण माझ्या लक्षात एक गोष्ट आली आणि हसू जागच्या जागी विरलं. त्या दिवशी नावांची सुरुवात इसाकपासून झाली होती. अदान हे नाव त्याने घेतलंच नव्हतं. एकवीस.

मी हाक मारली, "अदान!" त्याने माझ्याकडे नाही, दाराकडे पाहिलं. मग तोलेराला काहीतरी विचारलं. तोलेराचा चेहरा उतरला. म्हणाला, "तो विचारतोय, अदान अजून आला नाही का?"

बुधवारी सुरुवात गुयोपासून. बसणं बदललं होतं. तिशीचा माणूस, पण पाठीला पोक, आवाजात कफ. शेजारी पलंगावर हाताने जागा झाडून दिली, नातवाला बसायला द्यावी तशी. पलीकडच्या खाटेवर एक चिनी आजोबा होते. ते मला इथल्या इंग्रजीत म्हणाले, "अंकल, दॅट बेड, एव्हरी डे न्यू मॅन, ला." आणि त्यांनी पडदा ओढून घेतला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मार लागल्यावर असं होतं. होत असेल. मी काही डॉक्टर नव्हे. पण गुरुवारी नावं अब्दिलेपासून सुरू झाली आणि त्याने पाणी मागितलं, ते सोमालीत! मागितलं तोलेराकडे, समजलं होदनला. तिने पेला भरला, पण तो त्याला न देता हातातच धरून उभी राहिली. मी विचारलं, काय गं पोरी? ती म्हणाली, "अंकल, माझी आजी असं बोलायची. तीसुद्धा तिच्या आजीची नक्कल करून दाखवताना."

मंडळी, हॉलमधला एसी जरा जास्त आहे का? की मलाच वाटतंय?

मग होदनने मला ते समजावलं. त्यांच्याकडे गावाचा पत्ता विचारत नाहीत, बापजाद्यांची नावं विचारतात. पोराला लहानपणीच ती सगळी पाठ करवतात. वरची, दूरची नावं हजारो घरांना सारखी. खालची दोन-तीन नावंच सांगतात की माणूस नेमका कुठल्या दारातला. हा माणूस रोज खालचं एक नाव सोडत होता. म्हणजे रोज तो जास्त जास्त लोकांचा होत होता, आणि कुणाचाच उरत नव्हता. ती रडवेली होऊन म्हणाली, "खालची नावं गेली, आता कसं शोधायचं?"

मी वही काढली. अदान, इसाक, गुयो. माझ्या अडाणीपणाने नेमकी तेवढीच लिहिली होती.

होदनने वहीतली तीन आणि त्याच्या तोंडची बाकीची, अशी सबंध माळ तिच्या आवाजात नैरोबीतल्या एका ओळखीच्या कापडवाल्याला पाठवली. तासाभरात त्याचं उत्तर आलं. हा गर्रे जमातीचा, केनिया आणि इथिओपियाच्या हद्दीवरचा, मोयालेच्या बाजूचा. त्यांच्यातले कितीतरी जण बोरानांसारखं बोलतात आणि नातं सोमालींशी सांगतात. मग हे त्याला त्यांचा म्हणतात, ते त्याला यांचा म्हणतात. गुयोच्या बापाच्या पिढीला हे घर बोरानांच्या विहिरींवर गेलं, तिथे बोली बदलली, पोराचं नावही तिथलं ठेवलं. ऐकलंत? म्हणजे हा माणूस नावं सोडत जसा मागे गेला, तशी त्याची बोलीही मागे गेली. ही गोष्ट त्याला कुणी शिकवली असेल? मला सांगा.

इकडे वरिष्ठांचा फोन. निशिकांत, सही का होत नाही? पुस्तकात लिहिलंय तिथे पाठव आणि मोकळा हो. मी शेजारीच उभा होतो. निशिकांत एवढंच म्हणाला, "सर, पुस्तकातल्या गावात या माणसाचं दार नाही. मी त्याला रस्त्यावर सोडायची सही करणार नाही. हवं तर दुसऱ्याकडून घ्या." जाई, त्या आठवड्यात हा घरी गप्प गप्प असायचा ना? त्याचं कारण हे.

कापडवाल्याने घर शोधून काढलं, आणि शुक्रवारी दुपारी मोयालेच्या बाजूने फोन आला. अदानची आई. निशिकांतने फोन पांघरुणावर ठेवला, आवाज मोठा केला. म्हातारीने हाक मारली, "अदान!" त्याने दाराकडे पाहिलं. तिने पुन्हा मारली. पुन्हा दार. मग तिने हाक मारणं सोडलं. आम्हाला वाटलं, फोन तुटला.

आणि मग तिने सुरुवात केली. वरून. सर्वांत जुन्या नावापासून खाली, पोराला पाढे म्हणायला लावावेत तशा आवाजात. तिनेच लहानपणी पाठ करून घेतलं असणार. आठव्या-नवव्या नावाला त्याचे ओठ हलू लागले. मुमिन. अब्दिले. गुयोला त्याची पाठ सरळ झाली. इसाकला डोळ्यांत पाणी आलं. म्हातारी तिथे थांबली. मुद्दामच थांबली.

तो म्हणाला, "अदान."

होदन टाळ्या पिटू लागली. निशिकांतने माझा खांदा इतका दाबला की दोन दिवस दुखत होता. आणि त्या गडबडीत अदानने त्याच लयीत, न थांबता, आणखी एक नाव घेतलं.

"हलाके."

पलीकडे काहीतरी भांडं पडल्याचा आवाज आला. मग म्हातारी भराभर बोलू लागली. तोलेराने आम्हाला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता. अदानला बुधवारी मुलगा झाला होता. नाव त्याच सकाळी ठरलं, म्हातारी आणि तिचा थोरला दीर या दोघांतच. सुनेलाही सांगितलं नव्हतं. रविवारी सगळ्यांसमोर सांगायचं होतं. म्हातारी पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "याला कुणी सांगितलं?"

आम्हाला तर मुलगा झाल्याचंही ठाऊक नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं.

म्हातारी म्हणाली, माझा मुलगा मेलेल्यांत जाऊन आलाय. हे नाव त्याने तिकडून आणलं असेल, तर ते पोराला ठेवावं की ठेवू नये, हे मला म्हाताऱ्या माणसांना विचारावं लागेल. आणि फोन बंद झाला.

निशिकांतने तिकीट बदलून घेतलं, नैरोबीचं, पुढे कापडवाल्याचा माणूस सोबत. आठ दिवसांनी निरोप आला, पोचला. तेवढाच. त्यानंतर फोन लागला नाही. गेले चार महिने मी दुपारी आडवा झालो की माझ्या मनात ते नाव येतं. पोराला तेच ठेवलं असेल का? ठेवलं असेल, तर त्याला हाक मारताना त्या घरात कुणाचा आवाज कापत असेल का?

असो. फार लांबलं. अध्यक्षमहाराज, तुम्ही मला बोलू दिलंत, आपण सर्वांनी चहा थंड होऊ देऊन ऐकलंत, आभारी आहे. आनंदाच्या सभेत अशी गोष्ट काढली, कुणाच्या नावाला, मानाला, बोलीला माझ्या तोंडून धक्का लागला असेल, तर म्हातारा म्हणून पदरात घ्या.

आणि निशिकांत, तुला एकच सांगायचंय बाबा. मोंबासाहून मोयाले पार उत्तरेला आहे, बसने दिवस-दोन दिवस मोडतील. तरी जा. अदानला माझा नमस्कार सांग. पोराचं नाव काय ठेवलं ते विचार आणि मला कळव. फोनवर नको, मला कमी ऐकू येतं आणि हे नाव मला चुकीचं ऐकायचं नाही. कागदावर लिही. तेच ठेवलं असेल तरी लिही, बदललं असेल तरी लिही. मला एक्याऐंशी चालू आहे रे. लवकर लिही.