तोंडात चिक्की

स्टेडियमबाहेरच्या बसस्टॉपवर सीमा रांगेत उभी होती, पण तिचे कान पुढच्या दोघींकडे लागले होते.

“पॉलीन, आपल्या पोरींनी फायनल मारली, खरंच ना गं?”

“मारली, रमा! माझी सॅशा नेटजवळ, तुझी आमू मागे. टेनिस डबल्सचा कप आपला!”

“पहिला सेट माझ्यामुळे गेला पण. आमूने सेटच्या शेवटच्या सर्व्हिसला बॉल वर उडवला आणि मी ओरडले, ‘मार आमू, मार!’”

“आणि बॉल गेला जाळीत. अंपायर कसला बघत होता तुझ्याकडे!”

“आमच्या चाळीत कबड्डीला कोणी गप्प बसलं, तर बरं नाही का विचारतात.”

“म्हणून तर तुझ्या तोंडात चिक्की कोंबली मी.”

“ती संपल्यावर मी पदर कोंबला. जिंकल्यावर ओरडायला गेले, तर आवाजच फुटेना. नुसतं रडू.”

“मग आता ओरड. इथे कुठे अंपायर आहे?”

“लोक बघतील गं.”

“बघू देत!”

रमाने पिशवी खाली ठेवली.

“आमू! सॅशा! जिंकल्या गं माझ्या पोरी!”

सगळी रांग वळून बघायला लागली. सीमाची बस समोर येऊन उभी राहिली होती.

“ओ ताई,” सीमा म्हणाली, “अजून जोरात!”