एका रात्रीपुरती ये

हॅलो?… कोण, शुभ्रा? हो, हो… मीच गं, आईच. आत्ता येतेय दारातून, पायातली चप्पलसुद्धा काढली नाही.

अगं, रविवारची सुट्टी तुला! आमची सुट्टी गुरुवार-शुक्रवार, विसरलीस एवढ्यात? ऑफिसातून निघाले, तर दुबई-शारजा रोडवर गाडी हलेल तर शपथ…

बाबा? नाही आले अजून. जबल अलीच्या कामावरून सुटले असतील, पण येताना ट्रॅव्हल एजंटकडे जाणारेत. तुझं तिकीट काढायला.

काय?… मराठीत बोल बाई. इंग्रजी ऐकायचं त्राण नाही आता.

येणार नाही म्हणजे?

हो, हो… अगं ऐक ना! ऑगस्टमध्ये फिनलंडला शिकायला गेलीस. सहा महिने बाहेर राहिलीस की इथला व्हिसा खलास. बाबांच्या व्हिसावर आहेस तू… हो, जन्म इथलाच. पण जन्माला विचारतंय कोण?

एका रात्रीपुरती ये. शेजारच्या बेटी आंटीचा केनेथ नव्हता आला कॅनडाहून? एअरपोर्टवर पासपोर्टावर शिक्का मारून घेतला, आईच्या हातचं जेवला, झोपला, सकाळी यल्ला, चला परत. सगळ्यांचीच मुलं करतात.

बर्फ आहे, अंधार आहे, मान्य… परीक्षा? त्याच आठवड्यात? पण ती तर डिसेंबरात झाली ना?

परत कसली?…

नापास?

कधी कळलं?… नाताळच्या आधी! आणि मला दर फोनला 'फाइन, मम्मा, फाइन'? इथे मी बेटीपुढे तुझं कौतुक सांगून दमले…

नाही गं, ओरडत नाहीये. रडू नकोस. खरंच नाही ओरडत, दमलेय नुसती.

बरं, मला सांग. ही परीक्षा नाही दिलीस तर?… म्हणजे तिथलाही व्हिसा पुढे मिळणार नाही? नक्की?… इथला धरायला जावं तर तिथला सुटतो. वा रे नशीब.

…आहे, आहे. ऐकतेय.

नको येऊस.

हो, नीट विचार करून सांगतेय. अभ्यास कर.

उन्हाळ्यात ये ना. व्हिजिट व्हिसावर. बाबा काढतील, आजीचा काढायचे तसा… हो गं, पाहुणी. पाहुणी तर पाहुणी! खोली तुझीच आहे, पडदेसुद्धा बदलले नाहीत मी. कागदावर काहीही असू दे.

नको, बाबांना तू नको सांगूस. मी बघते. ते नुसते बाल्कनीत जाऊन उभे राहतील. तेच मला बघवत नाही.

फोनकार्ड संपत आलं? जेवलीस का?… नुसता ब्रेड नको खाऊस, वाटीभर भात लाव. आणि पास-नापास काय असेल ते मला सांगत जा गं. मला तरी… हॅलो? शुभ्रा?… हॅलो?

गेली.

…अहो, आलात? नाही, आत्ताच फोन ठेवला. तिचाच होता.

तिकीट काढलंत?… बरं.

बसा आधी. पाणी देते.