सुनीताच्या आईची तक्रार

अगं, त्या दिवशी मला वाटलं, आपली नोकरी गेलीच. तासगावच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवते ना, तिथं चारशे वर्षांपूर्वीचं एक विनोदी नाटक अभ्यासाला आहे. त्यात चावट, दुहेरी अर्थाचे शब्द पानोपानी. मी ते वर्गात नीट समजावून सांगितले.

दुसऱ्याच दिवशी माझ्या वर्गातल्या सुनीताची आई तिची वही घेऊन स्टाफरूममध्ये आली. मी एकटीच होते. तिनं आधी दार लावलं.

“मॅडम, ह्या तलवारीचा असला अर्थ तुमी सांगितला व्हय?”

“हो ताई. त्या काळी लोक तसंही म्हणायचे. परीक्षेत विचारतात.”

“आन् ह्ये म्यान?”

मी नुसती मान हलवली. तशी ती खो-खो हसत सुटली.

“आवं, आमच्यात हळदीला बाया ह्याच्यापेक्षा लय वंगाळ गाणी म्हणत्यात!”

माझा जीव भांड्यात पडला. “मग तुमची तक्रार नाही ना?”

“हाय की! म्होरलं पान समदं इंग्रजीत लिव्हलंय, आन् पोरगी लाजतीया. तुमीच सांगा अर्थ.”