कोचचा सासरा एक डोळा मिटून बघतो

…आणि वर मलाच विचारतात, "आजोबा, तुम्ही त्या दिवशी असे का बघत होतात?" अहो, कसा बघू? तोंडच असं आहे माझं! जन्मभर गवंडीकाम केलं. एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्याने विटांची ओळ बघायची, कुठे पोट आलंय, कुठे कललीय. आता डोळा आपोआप मिटतो. बायको होती तेव्हा तिच्याकडेही तसाच बघायचो. ती म्हणायची, "मी भिंत नाही." पण तिने चालवून घेतलं. हॉकीवाल्यांनी नाही चालवून घेतलं. तुम्हाला सांगतो, मला फार बोलायची सवय नाही. पण आता बोलावंच लागतंय.

माझा जावई हॉकीचा कोच आहे. आपल्या शहराच्या संघाचा. संघ हरतो. हरतो म्हणजे कसा, तर नेमाने हरतो, एखाद्या माणसाने व्रत घेतल्यासारखा. आणि लोक काय म्हणतात? "कोच हटाव, संघ बचाव!" आता मला सांगा, काठी कुणाच्या हातात? खेळाडूच्या. चेंडू कोण सोडतो? खेळाडू. आणि शिव्या कुणाला? बाकावर बसलेल्या माणसाला, ज्याच्या हातात पाण्याच्या बाटलीशिवाय काही नाही! भिंत पडली तर भिंतीला शिव्या नाहीत, गवंड्याला शिव्या. बरं, हे मला पटतं, मी स्वतः खाल्ल्यात. पण माझ्या विटा स्वतःच्या पायांनी इकडेतिकडे पळत नव्हत्या हो!

मी जावयाची बाजू घेतोय असं समजू नका. तेवढा म्हातारा अजून झालेलो नाही. माझी अडचण वेगळी आहे. तो राहतो संघाने दिलेल्या घरात. नोकरी गेली की घर गेलं. घर गेलं की दोघं कुठे येणार? माझ्याकडे! दोन खोल्या माझ्या. मागे सुट्टीत राहून गेला होता. मी चहा पितोय तर म्हणतो, "बाबा, कप डाव्या हातात घ्या, उजवा मोकळा राहतो." कशाला मोकळा? कुणाला मारायचंय? आंघोळीला निघालो तर म्हणतो, "बाबा, टॉवेल आधी खांद्यावर, मग बादली उचला, एक फेरी वाचते." वाचलेल्या फेरीचं मी काय करू, बँकेत ठेवू?

आणि मुलगी. ती दुकानात लांबच्या गल्लीने जायला लागली होती. जवळच्या गल्लीत पोरं तिला बघून ओरडतात म्हणून. पूर्वी ही हसली की खालच्या मजल्यावर कळायचं. ते बंद झालं होतं. त्यावर मी काही बोललो नाही. मला फार बोलायची सवय नाही.

तर मॅच होती. मुलगी म्हणाली, "मी येते, एकेकाची जीभ उपटते." जावई म्हणाला, "तू मुळीच यायचं नाहीस." मग दोघांचं ठरलं की बाबांना पाठवू. का? तर आपलं एक माणूस गर्दीत असलं की बरं वाटतं. मी विचारलं, "मी काय करायचं?" जावई म्हणाला, "काही नाही बाबा. नुसतं बसायचं."

नुसतं बसायचं! तेवढंही जमू दिलं नाही लोकांनी. माझ्या शेजारी आला एक भोंगेवाला. गळ्यात हा एवढा भोंगा, हातात पाटी. पाटीवर मोठ्या अक्षरांत तेच, कोच हटाव. मला म्हणतो, "आजोबा, पहिल्यांदा आलात का?" मी म्हटलं, "हो." "या संघाला काय झालंय माहिती आहे का?" मी म्हटलं, "नाही." झालं! पूर्ण वेळ माझ्या कानात. कोचला अक्कल नाही, कोचला डोळे नाहीत, कोचला पोरगी दिली कुणी म्हणतो! कुणी दिली, बसलाय ना इथे तुझ्या मांडीला मांडी लावून! हे सगळं मनातल्या मनात.

मग आपल्याला मिळाला पेनल्टी कॉर्नर. म्हणजे काय, एकाने गोलाच्या रेषेवरून चेंडू बाहेर ढकलायचा, दुसऱ्याने अडवायचा, तिसऱ्याने हाणायचा. बास. विटा देण्यासारखंच, एकाने टाकायची, दुसऱ्याने झेलायची. आमच्याकडचं शेंबडं पोर झेलतं! पहिल्याने ढकलला. दुसऱ्याने काठी लावली. चेंडू काठीखालून गेला, तो थेट पलीकडे, आणि तिसरा हाणायला काठी उगारून उभा, लग्नात फोटो काढायला उभं राहतात तसा. सगळी गॅलरी उठली. भोंगेवाल्याला भोंगा दोन्ही हातांनी फुंकायचा होता, तर पाटी माझ्यापुढे करून म्हणतो, "धरा!"

आणि मी धरली.

हसू नका! आमचा धंदा काय आहे? वरचा माणूस "धर" म्हणाला की खालच्याने धरायचं. काय आहे, कशाला आहे, विचारत बसलास तर टोपलं डोक्यावर. हात आपोआप पुढे जातो. हात पुढे गेला, डोळा मिटला, कारण मी बघत होतो मैदानावरची पोरांची रांग वाकडी का उभी आहे, आणि नेमक्या त्या वेळी समोरच्या मोठ्या पडद्यावर कोण दिसावं? मी! पाटी डोक्यावर, एक डोळा बंद, ओठ आवळलेले. आख्ख्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. खाली बाकावर माझा जावई मान वर करून पडद्याकडे बघतोय…

मुलीच्या घरी गेलो. ती दारातच. "बाबा, तुम्ही?" मी म्हटलं, "त्याने धरा म्हटलं." "मग उद्या तो विहिरीत उडी टाका म्हणेल!" जावई आतून काय म्हणाला माहिती आहे? "असू दे गं. बाबांचंही मत असू शकतं." अहो, शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं! रात्रभर ते वाक्य उशीखाली विटेसारखं टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. खाली लिहिलेलं, ज्येष्ठ चाहत्याचा मूक संताप. कसला संताप? मला ऊन लागत होतं!

मग खेळाडू बोलले. कप्तान पत्रकारांना म्हणाला, "चुका आमच्या आहेत. चेंडू आम्ही सोडतो, कोचसाहेब नाही. ते गेले तर आम्हीही सगळे जाऊ." पोरगा मनापासून बोलला हो. लोक काय म्हणाले? "जा की! सामान उचलायला येऊ का?" झालं, एका वाक्यात कोचबरोबर खेळाडूही गेले असते. आणि गोलकीपर, हा दरवाजाएवढा माणूस, म्हणतो, "लोकांच्या ओरडण्याचं काही वाटत नाही. पण त्या आजोबांचा मिटलेला डोळा नजरेसमोरून हलत नाही."

तेवढ्यात कुणीतरी फोडलं की हा म्हातारा साहेबांचा सासरा. मग काय विचारता! संध्याकाळी आख्खा संघ माझ्या दारात. चपला जिन्यापर्यंत. घरात खुर्ची एक, तिच्यावर मी, आणि खाली हे सगळे दांडगे मांडी घालून बसलेले, गुडघे एकमेकांच्या बरगड्यांत. कप्तान म्हणतो, "आजोबा, सख्खा सासराच विरोधात गेला म्हटल्यावर साहेब खचलेत. शिक्षा आम्हाला करा. त्यांना माफ करा." मी सांगायला गेलो, "अरे, मी विरोधात नाही, मला त्याने धरा म्हटलं…" ऐकायला कुणी तयार नाही. गोलकीपर तर रडायच्या बेतात. शेवटी मी म्हटलं, "नीट खेळा." दोन शब्द. मला फार बोलायची सवय नाही. सगळे उठले, पाया पडले, चपलांची अदलाबदल करून निघून गेले.

आणि पुढची मॅच जिंकले!

का जिंकले? मी आपला परत गॅलरीत बसलो होतो, मला विचारू नका. समोरचे त्या दिवशी आमच्याहून वाईट खेळले, दुसरं काय. पण पोरांच्या डोक्यात बसलं की आजोबा समोर असले की काठीखालून चेंडू जात नाही. कप्तान जावयाला म्हणाला, "साहेब, आजोबांना बाकाजवळ बसवा." जावई असल्या गोष्टी मानत नाही. पण बुडत्याला काय, काडीही चालते आणि सासराही चालतो. संघाच्या कमिटीने त्याला काढायचा निर्णय पुढे ढकलला आणि मला बाकाजवळ खुर्ची दिली. जावई म्हणाला, "बाबा, काही करू नका. फक्त बघा."

बघतोय. त्यानंतर एक मॅच बरोबरीत सुटली. मग हरलो. मग परत हरलो. तोच पेनल्टी कॉर्नर, तीच काठी, तोच तिसरा, फोटोला उभा. मी डोळा मिटून बघतोय, बघून बघून डोळ्याला रग लागली. आणि गॅलरीतून आवाज आला. आधी एक, मग दहा, मग सगळे:

"आजोबा हटाव, संघ बचाव!"

मॅच संपल्यावर भोंगेवाला कठड्यापाशी येऊन म्हणतो, "आजोबा, मनावर घेऊ नका हं. कोचसाहेब चांगले आहेत, हे आता सगळ्यांना पटलंय. तुमच्याच पायगुणाने घोळ होतोय." कप्तान लगेच धावत पत्रकारांकडे, "चुका आमच्या आहेत, आजोबा गेले तर आम्हीही जाऊ!" मी लांबून हात जोडले, अरे बाबा, गप्प बस.

जावयाला कमिटीने आणखी एक मोसम दिला. मुलगी आता जवळच्या गल्लीने जाते. पोरं तिला अडवून म्हणतात, "ताई, तुमच्या वडिलांना घरी बसवा ना!" ती घरी येऊन हे सांगते आणि हसते, हसते, खालच्या मजल्यावरून विचारतात काय झालं म्हणून.

ओरडू दे लोकांना. कोचला काढता येतं. सासऱ्याला कोण काढणार? या नोकरीत राजीनामासुद्धा देता येत नाही.