दोनदा शिकायचं रसायन

बसथांब्यावर बसलेल्या मुलीच्या अंगठ्यावर सिल्व्हर नायट्रेटचा काळा डाग होता, कडेने फिकट होत चाललेला. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजबाहेर बसची वाट पाहणाऱ्या नॉर्माने तो लगेच ओळखला. तिथल्याच रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिची नोकरी होती. मुलीशेजारी तिची आई बसली होती.

“प्रवेश कुठे घेणार ते कळवायची शेवटची तारीख आज ना, अरासेली?”

“हो, आई.”

“मग? किनाऱ्यावरच्या त्या मोठ्या विद्यापीठाने घेतलंय ना तुला?”

“घेतलंय. पण इथे शिकलेलं सेंद्रिय रसायनशास्त्र ते धरत नाहीत. पुन्हा शिकावं लागेल.”

“का? तिथला कार्बन वेगळा असतो?”

“कार्बन तोच गं. तिथे तो विषय तिसऱ्या वर्षी असतो, म्हणून.”

“आणि घराजवळचं विद्यापीठ?”

“ते सगळं धरतात. एक वर्ष वाचेल.”

“वाचलेल्या वर्षाचं काय करशील?”

“ते ठरवलं नाही.”

“महिनाभर हेच ऐकतेय. तुझ्या बापानेही मला मागणी घालायला एवढा वेळ लावला नव्हता.”

“तुला घरात एकटीला जमेल?”

“माझ्यावर ढकलू नकोस. तुला काय हवंय?”

बस आली. नॉर्मा उठली नाही.

“मी पुन्हा शिकेन, आई. किनाऱ्यावर जाते.”