बाबांनी बंद म्हटलेला एसी

सत्यभामा : इतक्या लवकर आलीस, विनू? गाडीच्या एसीचा गॅस बदलायला दिवस लागेल म्हणून राहिला होता न तो मिस्त्री?

विनीता : बदललाच नाही, आई. तो म्हणाला, दीदी, इसमें तो नया गैस ही है. त्या गॅससाठी नळ्यांची तोंडंसुद्धा बदललेली आहेत. बटण दाबलं तर गार हवा.

सत्यभामा : दुसऱ्या कोणाची गाडी पाहिली असेल त्यानं.

विनीता : बाबांच्याच गाडीत बसून आले मी. एसी लावून.

सत्यभामा : असं कसं? जुना गॅस आता मिळत नाही, एसी विसरा, हे त्यांनीच सांगितलं मला. जाईपर्यंत तेच सांगत होते. कितीक उन्हाळे काचा खाली करून फिरलो आम्ही. पाटनच्या लग्नाला जाताना माझी साडी धुळीनं भरली, तर रस्ताभर कंजूष म्हटलं त्यांना.

विनीता : मग?

सत्यभामा : काही नाही. हसून राहिले.

विनीता : पेट्रोल वाचवत होते का?

सत्यभामा : हट्. मी म्हणत होते, पण तसा माणूस नव्हता तो.

विनीता : मग खोटं काहून बोलले? कधीच लावला नाही एसी?

सत्यभामा : एकदा. दुरुस्त करून आणला अन् त्याच रविवारी कुंडमला निघालो. मागच्या सीटवर यांच्या फॅक्टरीतले नीलकंठराव अन् वसुधावहिनी. काचा बंद झाल्या अन् माझा जीव असा घाबरला, विनू, चालत्या गाडीचं दार उघडायला निघाले मी. वहिनी पाहतच राहिल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

विनीता : आणि बाबा?

सत्यभामा : गाडी थांबवली, बॉनेट उघडलं. म्हणाले, गॅस गळून राहिला, तोच हिला बाधला. हा जुना गॅस, आता कुठे मिळायचा? सगळ्यांनी काचा खाली केल्या.

विनीता : आई, गॅस गळालाच नव्हता. अजून भरलेला आहे.



सत्यभामा : म्हणजे बंद काचांनीच जीव घाबरतो माझा, हे कळलं होतं त्यांना.

विनीता : उद्या आपण नागपूरला ट्रेननं जाऊ. चालेल?

सत्यभामा : ट्रेननं काहून? गाडीनंच जाऊ.

विनीता : काचा उघड्या ठेवीन मी.

सत्यभामा : मे महिना आहे, बाई. तू लाव एसी. भीती वाटली तर मीच सांगीन, थांबव म्हणून.