डाव्या चाकाची आतली कड

—नाही, परवापासून नव्हे; सांगायचंच आहे तर तारखेनिशी सांगते, अर्धवट सांगितलेलं मला आवडत नाही. दोन हजार तेवीस साल, नोव्हेंबर महिना, शरद सरत आलेला, समोरच्या मळ्यात मिकानची संत्री नुकती रंगायला लागली होती. बसा ना. तिथे नको, तिथे बेतलेलं कापड आहे—इकडे, पडवीच्या कडेला. चहा घ्या. गाडी कुठे पळून जात नाही. मी चालवल्याशिवाय ती हलत नाही, आणि ती विकायची की नाही हे मी ठरवल्याशिवाय ठरत नाही, मग जाहिरातीत माझ्या मुलाने काहीही छापलेलं असो. हो, मुलानेच. तोमोहारु. नागोयाला असतो. तुमच्याशी फोनवर बोलला तो कुवायामा म्हणजे तोच. मी त्याची आई. गाडी माझ्या नावावर आहे, त्याच्या नाही. हे त्याने सांगितलं नाही ना? वाटलंच मला.

तर त्या नोव्हेंबरात तो आला होता, वडिलांच्या थडग्यावर फुलं ठेवायला. यांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. गाडी शेडमध्ये होती, चाकं वळवून उभी केलेली—उतार आहे म्हणून मी नेहमी तशीच उभी करते—आणि त्यामुळे पुढच्या डाव्या टायरची आतली कड उघडी पडली होती. बाहेरून पाहाल तर टायर धडधाकट, नक्षी शाबूत. आतून? आतून तुळतुळीत, आणि एके ठिकाणी तर रबर संपून तारा बाहेर आलेल्या. मला ठाऊक नव्हतं. चाकामागे वाकून कोण बघतं? तो बघत राहिला, मग माझ्याकडे वळला—दूध उतू गेलेल्या पातेल्याकडे बघावं तशा नजरेने. ‘आई, तू फुटपाथला घासतेस.’ प्रश्न नव्हे हं, निकाल! आपल्याकडे गाडी डावीकडून चालते, फुटपाथ डावीकडे, झिजलेला टायर डावीकडचा आणि आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची—झालं, बेरीज मांडून मोकळा. वर म्हणाला, ‘शेजारचे हिराइवा-सानसुद्धा म्हणतात, तू स्टिअरिंग सारखं डावीकडे ओढून धरतेस. आता लायसन्स परत कर. सगळेच करतात. पोलीस किती अदबीने परत घेतात, वर बसचा सवलतीचा पास मिळतो.’ बसचा पास! अहो, या टेकडीवरची बस केव्हाच बंद झाली. पास घेऊन काय थांब्यावर ऊन खात बसू?

हसू नका, गोष्ट हसण्याची नाही. वरच्या गावात माझा किमोनो शिवण्याचा वर्ग आहे. चार बायका येतात, त्यांतली एक तर माझ्याहून मोठी. गाडी गेली की वर्ग गेला. वर्ग गेला की ‘आई, एकटी काय करतेस तिथे’ सुरू. आणि मग नागोयाच्या नवव्या मजल्यावरची ती खोली, जिच्या खिडकीतून समोरच्या नवव्या मजल्याची खिडकी दिसते. त्या टायरच्या आतल्या कडेवर काय टांगलेलं होतं, आलं ना ध्यानात? माझं उरलेलं आयुष्य टांगलेलं होतं.

मी त्याला एवढंच विचारलं, ‘तोमोहारु, फुटपाथ टायरच्या कोणत्या बाजूला असतो?’ म्हणाला, ‘बाहेरच्या.’ ‘आणि झीज?’ तो पुन्हा चाकाकडे वळला. ‘मग फुटपाथ गाडीखाली शिरून आतून कुरतडतो का? घुशीसारखा?’ तर म्हणे, ‘आई, तू शब्दांत पकडू नकोस.’ मी शब्दांत नाही, टायरमध्ये पकडत होते! पण एकदा म्हाताऱ्या बाईवर ठपका बसला की तिचं बरोबर असणं हासुद्धा वयाचा हट्टच ठरतो. तेव्हा मी त्याला वचन दिलं. उद्याच नवे टायर घालते. पुढच्या नोव्हेंबरात तू स्वतः ये, हात लावून बघ. पुन्हा तसाच झिजला असेल, तर लायसन्स आणि किल्ली दोन्ही तुझ्या हातात देईन आणि तुझ्या नवव्या मजल्यावर मुकाट्याने येईन. तो खूश झाला. त्याला खात्री होती ना.

मला खात्री नव्हती—होय, तुमच्यापाशी बोलते—मला कारण ठाऊक नव्हतं, फक्त ते फुटपाथ नव्हे एवढं ठाऊक होतं. पण जन्म शिवणात गेलाय माझा. कापड एका बाजूला विरतं तेव्हा दोष कापडाचा नसतो, बेतण्याचा असतो. एखाद्या बाईच्या खडावांची टाच आतून झिजलेली दिसली की ती चालते कशी हे मी तिला न पाहता सांगते. मग चाक तरी वेगळं काय? मी गाडी देवळासमोरच्या सपाट अंगणात नेली, चाकं सरळ केली आणि गाडीच्या दोन्ही बाजूंनी रेशमी दोरा ताणून बांधला, अगदी समांतर. मग दोऱ्यापासून चाकाच्या पुढच्या कडेपर्यंत आणि मागच्या कडेपर्यंत माझी शिवणाची पट्टी लावली. मग रिळाचा ओळंबा केला आणि वरून चाकासमोर सोडला. भटजीबुवा बाहेर येऊन बघत राहिले; म्हणाले, ‘कुवायामा-सान, शांत करायची आहे का गाडीची?’ म्हटलं, ‘गाडी शांतच आहे, माणसांची करायची आहे.’ आणि काय सांगू तुम्हाला, पट्टीने स्पष्ट सांगितलं! पुढच्या दोन्ही चाकांची तोंडं बाहेरच्या बाजूला फाकलेली, बदकाच्या पायांसारखी. शिवाय दोन्ही चाकं माथ्याकडून आत झुकलेली—आणि डावं उजव्यापेक्षा कितीतरी जास्त. असं चाक रस्त्यावर पूर्ण टेकतच नाही, आतल्या कडेवर फरपटत जातं. झुकाव दोन्हीकडे सारखा नाही म्हणून गाडी आपली उजवीकडे जाऊ बघते, समोरून येणाऱ्यांच्या अंगावर. म्हणून मी तिला डावीकडे ओढून धरत होते. त्या हिराइवांना दिसलं ते माझं ओढणं. गाडीचं ओढणं कुणाला दिसणार? संध्याकाळी मनगटं ठणकायची. मला वाटायचं, यांची गाडी आहे, अशीच असणार. यांच्याबरोबर राहतानाही मनगटं... असो. चहा गार होतोय तुमचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवे टायर घालायला हामाजिमा-सानांच्या गॅरेजवर गेले. भला माणूस, यांच्या तरुणपणापासून ही गाडी त्यांच्याच हाताखालून गेली. मी माझी मापं सांगितली, तर बिचाऱ्यांनी मान खाली घातली. आश्चर्य नाही, मान खाली! म्हणाले, ‘ओकुसान’—मला अजून मालकीणबाईच म्हणतात ते—‘ते ठाऊक आहे मला. ते यजमानांनी स्वतः बसवून घेतलेलं आहे, शर्यतीच्या सर्किटवर पळवण्यासाठी. त्या सर्किटला बहुतेक वळणं उजवी. उजव्या वळणाला सगळा भार डाव्या चाकांवर येतो, म्हणून डावं जास्त झुकवलेलं. तिथे तेच बरोबर.’ तिथे! अहो, तिथे ते वळणांवर चाकाची बाहेरची कड घासून काढत, म्हणून आतल्या झुकावाने तोल राहायचा. मी सरळ रस्त्याने भोपळे आणि कापडाचे तागे घेऊन वर्गाला जाते! विचारलं, ‘मग हे गेल्यावर तुम्ही ते बदललं का नाहीत? मी टायर बदलायला येत होते, तपासणीला येत होते.’ तर म्हणाले—ऐका हं—‘दर वेळी मी ते पुन्हा जसंच्या तसं लावून देत होतो. यजमानांच्या हातची शेवटची गोष्ट. ती पुसायची म्हणजे...’ आणि कोपऱ्यातल्या तांदळाच्या, तीस-तीस किलोच्या तीन पोत्यांकडे बोट दाखवलं. माप घेताना चालकाच्या सीटवर चालकाच्या वजनाची पोती ठेवायची ही त्यांची रीत. हे चांगले आडवे-उभे होते, यांना तीन पोती लागत. आणि हा सद्गृहस्थ, हे गेल्यानंतरही, दर वेळी, तीच तीन पोती सीटवर चढवून, जणू हेच बसलेत असं धरून, गाडी जुळवत होता! मी बाहेर बाकावर बसलेली. ‘माझं वजन विचारावंसं नाही वाटलं?’ म्हटलं. लाल झाले हो. ‘बाईमाणसाला वजन कसं विचारायचं, ओकुसान?’

बघा म्हणजे. मेलेल्याचा मान आणि जिवंत बाईची अदब, या दोन सभ्यपणांच्या मधे माझा टायर झिजत होता, आणि आळ माझ्या डोळ्यांवर, माझ्या हातांवर, माझ्या वयावर. एकानेही मला विचारलं नाही. मी तिथेच, चारचौघं गिऱ्हाईकं बसलेली असताना, खणखणीत आवाजात सांगितलं, ‘बेचाळीस किलो. कपड्यांसकट. पोती खाली घ्या, मी स्वतः बसते.’ आणि बसले. हामाजिमा-सानांनी आधी गाडीपुढे हात जोडले, ‘यजमान, माफी असावी,’ म्हणाले, आणि मग पाना लावला. पहिला नट सुटला तेव्हा—काही नाही. आवाज झाला, इतकंच. मी समोर बघत बसले होते. ते म्हणाले, ‘थांबू का?’ मी म्हटलं, ‘थांबण्यासारखं काय झालंय?’

हं, तुम्ही जाहिरातीचा कागद काढलात. वाचा, मोठ्याने नको, मला पाठ आहे. वर्गातल्या एकीने दाखवला. ‘दिवंगत मालकाने सर्किटसाठी केलेली मांडणी जशीच्या तशी राखलेली.’ त्यासाठीच आलात ना इतक्या लांबून? यांना तिथे पळवताना पाहिलं होतं म्हणता. चालवत छान, नाही म्हणणार नाही. पण तुम्ही जे विकत घ्यायला आलात ते इथे नाही. ते मी पुसलं. आता या इकडे. चहा ठेवा खाली आणि चाकाशी बसा. गुडघे मळतील, मळू द्या. डाव्या टायरवर हात फिरवा. आधी बाहेरची कड, मग मध्य, आता आत—आणखी आत, संकोच कसला. काय लागतं बोटाला? सारखं? नीट सांगा, सारखं की मला बरं वाटावं म्हणून सारखं? उजवा बघा आता. एक वर्षाचा टायर आहे, आणि मी काही उभी करून ठेवलेली नाही गाडी. उठा. रुमाल घ्या.

आता त्याला फोन लावा. तुमच्याकडून लावा, माझा नंबर पाहून तो ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणतो. पाहायला त्याने स्वतः यायचं होतं. ठरलं होतं तसं. त्याने गिऱ्हाईक पाठवलं. निकाल आधीच लावून ठेवला होता ना! सांगा त्याला, बोटाला काय लागलं ते, बाकी काही नको.

...काय म्हणतो? बाबांच्या मांडणीचं काय? द्या इकडे तो फोन.

तोमोहारु, मी बोलतेय. बाबांची मांडणी राहिलेली नाही. वर्ष झालं, मीच काढायला लावली. नाही, हामाजिमा-सानांवर चिडायचं नाही, त्यांनी आधी हात जोडून बाबांची माफी मागितली होती. तुला न सांगता? बरोबर, तुला न सांगता. तूही जाहिरात मला न सांगताच दिलीस. हळू बोल, परके गृहस्थ आहेत इथे. काय म्हणालास? बाबांचं तेवढंच उरलं होतं? अरे, मग तसं म्हणायचं होतंस! आई फुटपाथला घासते कशाला म्हणालास? आई आंधळी झालेली चालेल, पण बाबांचं माप चुकलेलं चालायचं नाही, असंच ना? आणि ऐक, बाबांचं माप चुकलेलं नव्हतंच. ते त्यांना बरोबर होतं. त्यांना एकट्याला. तू लहान होतास, तुला आठवत नसेल, गाडी आणली त्याच महिन्यात त्यांनी डावीकडची सीट काढून टाकली, वजन कमी व्हावं म्हणून. माझं वजन रे. मी त्या गाडीत त्यांच्या शेजारी एकदाही बसलेली नाही. फाटकाशी उभं राहून आवाज ऐकायची, गेले, आले. ते गेल्यावर शेडमधून सीट काढून मी बसवून घेतली, आणि उजवीकडे, त्यांच्या जागी, जाऊन बसले; तरी चार पावलं जाते न जाते तोच गाडी आपली तेच म्हणायची—तू नाहीस, तू नाहीस. तीन वर्षं ते मनगटांनी ऐकलं मी. पुरे झालं... तोमोहारु? ऐकतोयस ना?

घ्या तुमचा फोन. ठेवला त्याने. ठेवू दे. तुम्ही असं खाली बघू नका, तुमची काही चूक नाही. नको ते ऐकावं लागलं, त्याबद्दल मीच क्षमा मागते. इतकं बोलायचं नव्हतं मला. लायसन्स माझं माझ्या पर्समध्ये राहील, वर्ग वरच्या गावात राहील, आणि तो येईल किंवा येणार नाही, यायचं झालं तर रस्ता त्याला ठाऊक आहे. नाही, किंमत वाढवून उपयोग नाही, तुम्ही सज्जन दिसता म्हणून सांगते, दुसऱ्यांदा विचारू नका. रविवार, दहा नोव्हेंबर, दोन हजार चोवीस. आज मिटलं हे प्रकरण. चार बायका वर वाट बघत असतील, त्यांतली एक माझ्याहून मोठी आहे, तिला थंडीत उभी ठेवायची नाही मला. तुम्ही चाकापुढे उभे आहात. बाजूला व्हा.